घटक ४ : म्हणे, कळते, समजते – अफवा, बातमी आणि मराठी भाषा

४.० उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपणांस,
• अफवा, अजाणता पसरलेली चुकीची माहिती आणि हेतुतः पसरवलेली खोटी माहिती यांतील फरक स्पष्ट करता येईल.
• मोबाइलवरून फिरणाऱ्या संदेशाच्या भाषेचे व्याकरणाच्या अंगाने विश्लेषण करता येईल.
• माहितीचा उगम दाखवणारी मराठीतील साधने ओळखता व वापरता येतील.
• वृत्तपत्रांवरील वाचकांचा विश्वास कशावर उभा असतो व तो का ओसरतो, याची मीमांसा करता येईल.
• एखाद्या मजकुराची पडताळणी क्रमवार करता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रांनो, मागील घटकात आपण वृत्तपत्रीय मराठीची वाक्यरचना पाहिली. प्रस्तुत घटकात त्याच विषयाची दुसरी बाजू अभ्यासायची आहे. बातमीसारखा दिसणारा, पण बातमी नसलेला मजकूर भाषेच्या कोणत्या खुणांवरून ओळखावा, हा या घटकाचा मुख्य प्रश्न आहे.

अफवा ही काही इंटरनेटची निर्मिती नव्हे. १९३४ च्या बिहार भूकंपानंतर पसरलेल्या अफवांचा अभ्यास जमुना प्रसाद या भारतीय मानसशास्त्रज्ञाने केला होता. २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपतीच्या मूर्ती दूध पितात ही वार्ता मोबाइल घरोघरी नसतानाही एका दिवसात देशभर गेली. गॉर्डन ऑलपोर्ट व लिओ पोस्टमन या अमेरिकी अभ्यासकांनी १९४७ मध्ये अफवेचे एक सूत्र मांडले. विषय लोकांच्या दृष्टीने जितका महत्त्वाचा आणि त्याविषयीची माहिती जितकी संदिग्ध, तितकी अफवा बळावते, असा त्याचा आशय आहे. ‘जितके महत्त्व तितकी अफवा’ असे मात्र ते म्हणत नाहीत. महत्त्व आणि संदिग्धता यांचा गुणाकार ते सांगतात. दोहोंपैकी एक शून्य झाले की अफवा संपते. लोकांना आपल्या मुलाबाळांविषयी वाटणारे महत्त्व कमी करता येत नाही, करूही नये. कमी करता येते ती संदिग्धता, आणि ती कमी करण्याचे मुख्य साधन भाषा हेच आहे. म्हणून हा विषय भाषेच्या विद्यार्थ्याचाही आहे.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ काही संज्ञा

‘फेक न्यूज’ हा शब्द आज सर्रास वापरला जातो. अभ्यासासाठी तो फारसा उपयोगी नाही, कारण न आवडणाऱ्या खऱ्या बातमीलाही लोक तेच नाव देतात. क्लेअर वॉर्डल व हुसेन देरखशान या अभ्यासकांनी २०१७ मध्ये युरोप परिषदेसाठी केलेल्या मांडणीत तीन प्रकार सांगितले आहेत. त्यांना आपण मराठीत पुढीलप्रमाणे म्हणू.

(अ) गैरमाहिती : माहिती चुकीची असते, पण पाठवणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. नातवंडांच्या काळजीने संदेश पुढे पाठवणारी आजी या प्रकारात येते.
(आ) कूटमाहिती : माहिती खोटी असते आणि ती खोटी आहे हे रचणाऱ्यास ठाऊक असते. पैसा, मते किंवा द्वेष हा तिचा हेतू असतो.
(इ) घातमाहिती : माहिती खरी असते, पण कोणाचे तरी नुकसान करण्यासाठी ती उघड केली जाते. एखाद्याचा खासगी फोटो सर्वत्र पसरवणे हे त्याचे उदाहरण.

हे वर्ग कायम बंदिस्त राहत नाहीत. कोणीतरी जाणूनबुजून रचलेली कूटमाहिती दहाव्या हाती पोहोचते तेव्हा ती गैरमाहिती झालेली असते. रचणारा एक असतो, पसरवणारी सज्जन माणसे हजारो असतात. अमेरिकेतील तीन संशोधकांनी ट्विटरवरील २००६ ते २०१७ या काळातील सुमारे १ लाख २६ हजार वार्तांचा मागोवा घेऊन २०१८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात निष्कर्ष मांडला. खोटी वार्ता पुढे पाठवली जाण्याची शक्यता खऱ्या वार्तेपेक्षा ७० टक्क्यांनी अधिक आढळली आणि हा फरक यंत्रचालित खात्यांमुळे नव्हे, तर माणसांमुळे पडत होता. खोटे अधिक नवलाचे असते, म्हणून ते अधिक वेगाने जाते.

४.२.२ राईनपाडा, १ जुलै २०१८

धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा हे आदिवासीबहुल गाव आहे. १ जुलै २०१८ हा तेथील आठवडे बाजाराचा दिवस होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजातील भिक्षेकरी त्या दिवशी गावात आले होते. त्यांतील बहुतेक सोलापूर जिल्ह्याच्या मंगळवेढे भागातील होते. मुले पळवणारी टोळी फिरत असल्याचे संदेश त्या परिसरात आधीपासून मोबाइलवर फिरत होते. संशयावरून जमाव जमला. पाच जणांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडले गेले आणि तेथेच मारहाणीत त्या पाचही जणांचा मृत्यू झाला. त्याच रात्री नाशिक जिल्ह्यातील मालेगावात याच संशयाने जमावाने घेरलेल्या पाच जणांची पोलिसांनी सुटका केली. त्याच महिन्यात सीमेपलीकडे बीदर जिल्ह्यातील मुरकी येथे, शाळकरी मुलांना चॉकलेट दिल्यावरून हैदराबादच्या एका तरुणाला जमावाने ठार केले.

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातील विद्यार्थ्यांनी येथे क्षणभर थांबावे. पाथर्डी तालुक्यातील मढी येथे कानिफनाथांची समाधी आहे. होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत चालणाऱ्या तेथील यात्रेला राज्याच्या कानाकोपऱ्यातून भटक्या जमाती येतात. मढीला ‘भटक्यांची पंढरी’ म्हणतात ते त्यामुळेच. भगव्या वस्त्रातील, हातात डमरू घेतलेला, दारोदार भिक्षा मागणारा गोसावी हा महाराष्ट्राच्या खेड्याला अनोळखी माणूस नव्हे. पिढ्यान् पिढ्या तो येत राहिला आणि दारातील बायाबापड्यांनी त्याला पसाभर दाणे घातले. मग एका दिवसात तो परका कसा झाला? गावाने त्याला पाहिले, पण ओळखले नाही. कारण पाहण्यापूर्वीच संदेशाने त्याचे वर्णन करून ठेवले होते. भाषा वस्तूला नाव देते आणि पुढे डोळे त्या नावानेच वस्तूकडे पाहतात. राईनपाड्याच्या घटनेत भाषेचा हा धर्म पाच जणांच्या जिवावर उठला.

गरिबी, भटक्या जमातींकडे गुन्हेगार म्हणून पाहण्याची इंग्रजी अमलापासूनची सवय, कायद्यावरील अविश्वास अशी या घटनेची इतरही कारणे आहेत. त्यांचा विचार समाजशास्त्राच्या अभ्यासक्रमात होतो. आपण येथे फक्त संदेशाच्या भाषेकडे वळू.

४.२.३ अफवेच्या संदेशाचे व्याकरण

पुढील नमुना अभ्यासासाठी रचलेला आहे. अशा संदेशांची सर्वसाधारण ठेवण त्यातून दिसेल.

“सावधान! आपल्या तालुक्यात मुले पळवणारी टोळी आली आहे. कालच शेजारच्या गावातून तीन मुले पळवली गेली. साधूच्या वेशात फिरतात. पोलिसांनीही सतर्क राहण्यास सांगितले आहे. हा मेसेज सर्व ग्रुपवर पाठवा.”

पाच लहान वाक्ये आहेत. त्यांची व्याकरणिक वैशिष्ट्ये क्रमाने पाहू.

१) फिरते दर्शक शब्द : ‘आपल्या’, ‘काल’, ‘शेजारच्या’ या शब्दांना स्वतःचा निश्चित अर्थ नाही. कोण, कोठे, केव्हा बोलत आहे यावर तो ठरतो. समोरासमोरच्या बोलण्यात ही अडचण येत नाही. लिखित संदेश मात्र गावोगाव जातो आणि प्रत्येक नव्या वाचकापाशी ‘आपला तालुका’ बदलतो. साक्रीत वाचला तर साक्री, शेवगावात वाचला तर शेवगाव. तीन महिन्यांनी वाचला तरी ‘काल’ म्हणजे आदला दिवसच. असा संदेश कधी शिळा होत नाही. बातमीत मात्र ठिकाण व दिनांक आधी येतात, ते याचसाठी. त्यातही मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असा भेद आहे. ‘आम्ही’मध्ये ऐकणारा नसतो, ‘आपण’मध्ये असतो. ‘आपल्या’ या एका शब्दाने वाचक भीतीच्या वर्तुळात ओढला जातो.

२) पूर्ण वर्तमानकाळ : ‘टोळी आली’ असे न म्हणता ‘आली आहे’ असे म्हटले आहे. घडलेल्या गोष्टीचा परिणाम अजून टिकून आहे, असे या रूपातून सूचित होते. टोळी आली आणि अजून येथेच आहे, असा अर्थ वाचकाच्या मनात आपोआप उमटतो.

३) कर्त्याचा लोप : ‘मुले पळवली गेली’ या रचनेत पळवणारा नाही. कोणाची मुले, कोणत्या गावची, तक्रार कोणी दिली, हेही नाही. पुढे ‘फिरतात’ या क्रियापदाला कर्ताच नाही. ही मोकळी जागा वाचक स्वतः भरतो, आणि ज्याच्याविषयी त्याच्या मनात आधीच संशय आहे त्याच्याच नावाने भरतो.

४) उसना अधिकार : ‘पोलिसांनीही’ यात कोणते ठाणे, कोणता अधिकारी, कोणते पत्रक याचा पत्ता नाही. ‘ही’ हे अव्यय तर आणखी एक काम करते. ‘पोलिसांनीही सांगितले’ म्हणजे इतरांनी सांगितलेच होते, हे ते न सांगता गृहीत धरायला लावते.

५) आज्ञार्थ : शेवटचे वाक्य वाचकाला कृती करायला सांगते, पण ती कृती म्हणजे मुलांना जपणे नव्हे. संदेश पुढे पाठवणे हीच ती कृती. ज्या मजकुराचा शेवट स्वतःच्याच प्रसाराच्या आज्ञेने होतो, त्याकडे सावधपणे पाहावे.

या पाच खुणांखेरीज सहावी खूण म्हणजे एक अनुपस्थिती. या संदेशात ‘म्हणे’ नाही.

‘म्हणे’चे सामर्थ्य

‘त्याची बदली झाली’ आणि ‘त्याची बदली झाली म्हणे’ या दोन वाक्यांत फरक काय? पहिल्या वाक्यात बोलणारा स्वतः हमी देतो. दुसऱ्यात तो सांगतो की हे मी ऐकले आहे, पाहिलेले नाही. ‘म्हणणे’ या क्रियापदापासून आलेले हे रूप येथे लिंग-वचनानुसार बदलत नाही, अव्ययासारखे वाक्याच्या अखेरीस बसते आणि माहितीचा उगम सांगते. अशा साधनांना या घटकात आपण ‘उगमदर्शके’ म्हणू. तुर्की भाषेत ऐकीव घटनेसाठी क्रियापदाला निराळा प्रत्ययच लागतो. मराठीने ही जबाबदारी बोलणाऱ्याच्या सचोटीवर सोपवली आहे.

पारावरच्या गप्पांत किंवा बाजारात आपण दिवसातून कित्येकदा ‘म्हणे’ वापरतो. ते वाक्य तिसऱ्या माणसाकडे जाताना तोही स्वतःचे ‘म्हणे’ जोडतो. ऐकीव गोष्ट ऐकीव म्हणूनच फिरते आणि ऐकणारा तिला तेवढेच वजन देतो. मोबाइलवर संदेश पुढे पाठवताना आपण वाक्य उच्चारत नाही, बोटाने नुसते ढकलतो. त्यामुळे ‘म्हणे’ जोडण्याची संधीच येत नाही. ऐकीव गोष्ट ठाम विधानाच्या रूपात पोहोचते आणि तिच्यावर आपल्या ओळखीच्या माणसाचे नाव असते. येथे एक भेद पक्का लक्षात ठेवावा : प्रेषक म्हणजे उगम नव्हे. संदेश मामांनी पाठवला, म्हणून तो मामांनी पाहिलेला नसतो. मामांवरचा आपला विश्वास मात्र नकळत मजकुराला चिकटतो.

कापलेले आणि चुकीचे ऐकलेले

चित्रफितीलाही हाच नियम लागू पडतो. २०१८ मध्ये मुले पळवल्याचा ‘पुरावा’ म्हणून देशभर फिरलेली एक चित्रफीत मुळात पाकिस्तानातील कराची येथे बालसुरक्षेच्या जागृतीसाठी तयार केलेली होती. मूळ फितीत मोटारसायकलवरील माणसे मुलाला उचलून नेतात, मग परत आणून सोडतात आणि सावधगिरीचा फलक दाखवतात. फिरणाऱ्या फितीतून हा शेवटचा भाग कापलेला होता. येथेही काढून टाकला गेला तो उगमच.

दुसरे उदाहरण ध्वनीचे आहे. १६ एप्रिल २०२० रोजी, टाळेबंदीच्या काळात, पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू व त्यांचा वाहनचालक यांची जमावाने हत्या केली. तेथेही चोर आल्याच्या अफवा आधी पसरल्या होत्या. पण अफवेने माणसे मेल्यावर त्या घटनेविषयी दुसरी अफवा जन्मली. घटनेच्या चित्रफितीत कोणी ‘मार शोएब मार’ असे ओरडतो, असा दावा करून तिला धार्मिक रंग देण्यात आला. पडताळणी करणाऱ्यांनी ध्वनी तपासून दाखवले की तेथे ‘बस ओए बस’ असे शब्द आहेत. ध्वनिशास्त्राच्या दृष्टीने ही चूक समजण्यासारखी आहे. पहिल्या ‘बस’मधील अखेरचा ‘स’, मग ‘ओए’, मग दुसऱ्या ‘बस’मधील आरंभीचा ‘ब’ हे सलग ऐकले की ‘सोएब’ उरते. गोंगाटात शब्दांच्या सीमा कान ठरवत नाही, मन ठरवते. आणि ज्याच्या मनात जे नाव आधी असते ते त्याला ऐकू येते. थांबवण्यासाठी उच्चारलेला ‘बस’ हा शब्द चिथावणीचा पुरावा ठरला, ही या प्रकरणातील सर्वांत विदारक गोष्ट होय.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १

१. गैरमाहिती व कूटमाहिती यांतील फरक कोणत्या निकषावर ठरतो?
२. ‘काल’, ‘आपल्या’ हे शब्द संदेशाला कधीच शिळे का होऊ देत नाहीत?
३. ‘प्रेषक म्हणजे उगम नव्हे’ हे विधान एका वाक्यात स्पष्ट करा.

४.२.४ तंत्राने दिलेले ‘म्हणे’

राईनपाड्यासह देशभरातील हत्यांनंतर जुलै २०१८ मध्ये व्हॉट्सॲपने दोन बदल केले. पुढे पाठवलेल्या संदेशावर ‘फॉरवर्डेड’ अशी खूण येऊ लागली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आली. जानेवारी २०१९ पासून ही मर्यादा जगभर लागू झाली. एप्रिल २०२० मध्ये, वारंवार पुढे गेलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल, असे ठरले. अशा संदेशांचे प्रमाण त्यानंतर सुमारे ७० टक्क्यांनी घटल्याचे कंपनीने जाहीर केले.

भाषेच्या दृष्टीने पाहता ‘फॉरवर्डेड’ ही खूण म्हणजे यंत्राने जोडलेले ‘म्हणे’ आहे. माणसाने गाळलेले उगमदर्शक यंत्राला परत बसवावे लागले. परंतु या खुणेची शक्ती मर्यादित आहे. संदेश कोणाचा तरी आहे एवढे ती सांगते, कोणाचा ते सांगत नाही. मजकूर उचलून नव्याने चिकटवला की खूण नाहीशी होते. म्हणून यंत्राच्या ‘म्हणे’वर विसंबून चालत नाही.

कायद्याने हा प्रश्न सुटेल काय? सर्वोच्च न्यायालयाने १७ जुलै २०१८ रोजी तेहसीन पूनावाला प्रकरणात जमावाच्या हिंसाचाराविरुद्ध राज्यांना प्रतिबंधक उपायांचे निर्देश दिले. हिंसा रोखणे हे शासनाचे कर्तव्यच आहे. पण खरे काय आणि खोटे काय हे शासनाने ठरवावे का, हा निराळा प्रश्न होय. केंद्र शासनाच्या कारभाराविषयीचा मजकूर खोटा आहे की नाही हे ठरवण्यासाठी शासकीय पडताळणी कक्ष स्थापण्याची तरतूद २०२३ मध्ये माहिती तंत्रज्ञान नियमांत झाली होती. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये ती घटनाबाह्य ठरवली. ज्याच्याविषयी बातमी आहे त्यालाच बातमीचा न्यायाधीश करता येत नाही, हे त्यातून आपण ध्यानात घ्यावे.

४.२.५ बातमीवरील विश्वास : कमावलेला आणि गमावलेला

संदेशावर विश्वास बसतो तो काही अंशी वृत्तपत्रावरील विश्वास उडाल्यामुळे. म्हणून हा विश्वास मुळात कसा निर्माण होतो ते पाहू.

बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ सुरू केले तेव्हापासून मराठी वृत्तपत्राला संपादकाचे नाव आणि पत्ता आहे. आपल्याच जिल्ह्यातील उदाहरण घ्यावयाचे तर मुकुंदराव पाटील यांनी १९१० पासून चालवलेल्या ‘दीनमित्र’ या सत्यशोधक साप्ताहिकाचे घेता येईल. नेवासे तालुक्यातील तरवडी या खेड्यातून ते दीर्घकाळ निघत असे. ‘दीनमित्र’ तटस्थ नव्हते. बहुजनांची बाजू घेऊन, सावकारी व भिक्षुकशाही यांवर ते उघडपणे तुटून पडत असे. तरीही ते विश्वासार्ह होते, कारण बाजू कोणाची आणि बोलतो कोण, हे दोन्ही वाचकाला ठाऊक होते. मजकूर पटला नाही तर संपादकाला पत्र लिहिता येई, किंवा तरवडीला जाऊन जाब विचारता येई. यातून एक महत्त्वाचा मुद्दा हाती लागतो. विश्वासाचा पाया निःपक्षपातीपणा हाच एक नसून उत्तरदायित्व हा त्याहून पायाभूत आहे. लिहिणाऱ्याला गाठता येते, म्हणून त्याच्यावर विश्वास ठेवता येतो.

हा पाया वृत्तपत्रांनी स्वतःच खणला, असे एक प्रकरण महाराष्ट्रातच घडले. ऑक्टोबर २००९ च्या विधानसभा निवडणुकीनंतर ज्येष्ठ पत्रकार पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’त दाखवून दिले की, एकाच नेत्याची स्तुती करणारा मजकूर परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या वृत्तपत्रांत जवळजवळ शब्दशः सारखा छापून आला होता. दोन वार्ताहरांना एकच घटना दिसू शकते, पण तेच विशेषण, तेच वाक्य, तोच क्रम सुचत नाही. येथे पुरावा भाषेनेच दिला. पैसे घेऊन बातमीच्या वेशात जाहिरात छापण्याच्या या प्रकाराला ‘पेड न्यूज’ हे नाव रूढ झाले. भारतीय वृत्तपत्र परिषदेच्या दोन सदस्यीय उपसमितीने २०१० मध्ये त्यावर सविस्तर अहवाल सादर केला. परिषदेने प्रथम त्याचे संक्षिप्त रूपच प्रसिद्ध केले. संपूर्ण अहवाल २०११ मध्ये केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशानंतर खुला झाला. आपल्याच दोषाविषयीचा अहवाल झाकून ठेवावासा वाटणे, यातूनही वाचकाने काय समजायचे ते समजून घेतले.

पेड न्यूजमध्येही उगमच लपवलेला असतो. जाहिरातदार हा खरा बोलणारा, पण नाव वार्ताहराचे. म्हणजे अफवेचा संदेश आणि विकलेली बातमी ही दोन टोके वाटली तरी दोहोंचा दोष एकच आहे.

याचा अर्थ ‘सगळेच खोटे बोलतात’ असा घेणे मात्र घातक होय. सर्वांवर अविश्वास ठेवणारा माणूस सावध वाटतो, पण प्रत्यक्षात तो अफवेला सर्वाधिक खुला असतो. बातमी आणि संदेश यांना तो एकाच पातळीवर आणतो आणि मग जे मनाला पटते ते खरे मानतो. फेब्रुवारी–मार्च २०२० मध्ये कोंबडी खाल्ल्याने करोना होतो या संदेशामुळे राज्यातील कुक्कुटपालकांचे कंबरडे मोडले. शासनाचे खुलासे वृत्तपत्रांत छापून येत होते, पण ‘पेपरवाले काय, काहीही छापतात’ असे म्हणणाऱ्यापर्यंत ते कसे पोहोचणार? अविश्वासाची किंमत अशी तिसऱ्यानेच मोजली.

४.२.६ पडताळणीची रीत

मराठीतील आद्य गद्यग्रंथ ‘लीळाचरित्र’ आपण प्रथम वर्षात अभ्यासला आहे. चक्रधरस्वामींच्या प्रयाणानंतर म्हाइंभटांनी लीळा गोळा केल्या त्या ज्यांनी त्या पाहिल्या-ऐकल्या होत्या त्यांच्याकडे स्वतः जाऊन, आणि नागदेवाचार्यांकडून त्या तपासून घेऊन. महानुभाव परंपरेने पुढे पाठभेद जपले तेही ज्याच्या स्मरणातील पाठ त्याच्या नावासह. आठवणी जुळल्या नाहीत तेव्हा एक पुसून दुसरी ठेवली नाही, दोन्ही उगमासह नोंदवल्या. मराठी गद्याचा आरंभच ‘हे कोणी सांगितले’ या प्रश्नाच्या आदराने झाला आहे. श्रद्धा आणि पडताळणी यांत विरोध असतो, या समजाला हा ग्रंथ उत्तर आहे.

तीच रीत आजच्या मजकुराला लावावयाची तर पुढील क्रम ठेवावा.

१) उगम : हे मूळ कोणी सांगितले? नाव, पद, संस्था आहे काय? ‘सूत्रांनी’, ‘तज्ज्ञांनी’ एवढेच असेल तर वजन कमी धरावे.
२) स्थळ-काळ : ‘आज’, ‘काल’, ‘आपल्या’ हे शब्द काढून त्या जागी दिनांक व गावाचे नाव लिहून पाहावे. लिहिता येत नसेल तर मजकूर पुढे पाठवण्याजोगा नाही.
३) कर्ता : प्रत्येक क्रियापदाला ‘कोणी?’ असे विचारावे.
४) उगमदर्शक : ‘झाले’, ‘झाल्याचे समजते’, ‘झाल्याचा आरोप आहे’, ‘पोलिसांनी दिलेल्या माहितीनुसार झाले’ या चार रचनांची हमी सारखी नाही. बातमीने कोणती रचना वापरली ते पाहावे. मथळ्यात ‘झाले’ आणि मजकुरात ‘समजते’ असेल तर मजकूर प्रमाण मानावा.
५) दुसरा स्वतंत्र उगम : एकच संदेश पाच गटांतून आला म्हणजे पाच साक्षी झाल्या असे नाही. तो एकच साक्षीदार पाच वेळा भेटला आहे. वृत्तपत्राचे कात्रण किंवा वाहिनीचे कार्ड आले असेल तर तीच बातमी त्या वृत्तपत्राच्या अंकात किंवा संकेतस्थळावर आहे का ते पाहावे. बोधचिन्हाची नक्कल करता येते.
६) स्थानिक चौकशी : गावाशी संबंधित संदेश असेल तर पोलीस पाटील, ग्रामपंचायत किंवा ठाणे यांना फोन करावा. पडताळणी करणाऱ्या संस्था देशाच्या पातळीवर काम करतात. शेजारच्या गावात काय घडले हे एका फोनने अधिक लवकर कळते.

आणि खात्री न होताच काही सांगणे भाग पडले, तर निदान ‘म्हणे’ जोडावे. “मला आलेला मजकूर आहे, मी खात्री केलेली नाही” हे वाक्य लिहायला फार वेळ लागत नाही. जीव धोक्यात आणू शकणाऱ्या मजकुराच्या बाबतीत मात्र तेवढ्याने भागत नाही. तो पाठवूच नये.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २

१. ‘दीनमित्र’ तटस्थ नसूनही विश्वासार्ह का होते?
२. २००९ मधील पेड न्यूज प्रकरणात भाषा हा पुरावा कसा ठरला?
३. एकच संदेश पाच गटांतून आल्यास तो पाच साक्षींइतका का मानता येत नाही?

४.३ सारांश

अफवा विषयाचे महत्त्व आणि माहितीची संदिग्धता यांतून वाढते. मोबाइलवरील संदेशात फिरते दर्शक शब्द, पूर्ण वर्तमानकाळ, कर्त्याचा लोप, उसना अधिकार आणि प्रसाराची आज्ञा या खुणा आढळतात. बोलीतील ‘म्हणे’ हे उगमदर्शक संदेश पुढे ढकलताना गळते आणि ऐकीव गोष्ट ठाम विधान बनते. राईनपाडा व गडचिंचले येथील हत्या अशा उगमहीन मजकुराचे टोकाचे परिणाम आहेत. वृत्तपत्रावरील विश्वास उत्तरदायित्वावर उभा असतो. पेड न्यूजने तो खचवला, कारण तिनेही उगम लपवला. सरसकट विश्वास आणि सरसकट अविश्वास हे दोन्ही वाचनाचे श्रम टाळण्याचेच प्रकार आहेत. प्रत्येक विधानाला ‘कोणी, कोठे, केव्हा’ हे विचारणे हाच त्यावरील उपाय होय.

४.४ पारिभाषिक शब्द

उगमदर्शक : माहिती कोठून मिळाली हे सूचित करणारा शब्द किंवा रचना. उदा. म्हणे, समजते.
दर्शक शब्द : ज्याचा अर्थ बोलणाऱ्याच्या स्थळ-काळावर अवलंबून असतो असा शब्द. उदा. येथे, काल, आपला.
प्रेषक : मजकूर आपल्यापर्यंत पोहोचवणारा. तो मजकुराचा कर्ता असेलच असे नाही.
उत्तरदायित्व : आपण लिहिलेल्या मजकुराबद्दल जाब देण्याची बांधिलकी.

४.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची नमुना उत्तरे

प्रश्न – १ : (१) पसरवणाऱ्याच्या हेतूवर व मजकूर खोटा असल्याच्या त्याच्या जाणिवेवर. (२) त्यांचा अर्थ वाचकाच्या स्थळ-काळानुसार बदलतो, म्हणून प्रत्येक वाचकाला संदेश ताजा व जवळचा वाटतो. (३) संदेश ज्याने पाठवला त्याने त्यातील घटना पाहिलेली असतेच असे नाही.

प्रश्न – २ : (१) बाजू उघड होती, संपादकाचे नाव व ठिकाण वाचकाला ठाऊक होते आणि त्याला जाब विचारता येत होता. (२) स्पर्धक वृत्तपत्रांतील मजकूर शब्दशः सारखा होता. स्वतंत्र लेखनात असे साम्य संभवत नाही. (३) पाचही गटांतील मजकुराचा उगम एकच असतो.

४.६ सरावासाठी स्वाध्याय

१. अफवेच्या संदेशाची व्याकरणिक वैशिष्ट्ये सोदाहरण स्पष्ट करा.
२. ‘म्हणे’ या रूपाचे मराठीतील कार्य सांगून, लिखित संदेशात ते नसल्याचे परिणाम लिहा.
३. ‘वृत्तपत्रावरील विश्वासाचा पाया तटस्थता नसून उत्तरदायित्व आहे’ या विधानाची चर्चा करा. आपले मत भिन्न असल्यास ते सकारण मांडा.
४. टीप लिहा : (अ) पेड न्यूज (आ) लीळाचरित्रातील साक्षीचा आदर

४.७ क्षेत्रीय कार्य

१. आपल्या मोबाइलवर एका आठवड्यात आलेले, पुढे पाठवलेले दहा मराठी संदेश वहीत उतरवून घ्या. व्यक्तींची नावे व क्रमांक वगळा. प्रत्येकात ४.२.३ मधील कोणत्या खुणा आढळतात याचा तक्ता करा.
२. एकाच दिवसाच्या दोन मराठी दैनिकांतील एकाच घटनेची बातमी घ्या. दोहोंतील उगमदर्शके अधोरेखित करून कोणती बातमी अधिक हमी देते ते लिहा.
३. आपल्या गावात भिक्षेसाठी किंवा कलेसाठी येणाऱ्या भटक्या जमातींविषयी घरातील वडीलधाऱ्यांशी बोला. ते कोठून येत, कोणत्या नावाने ओळखले जात, काय म्हणत, याची नोंद सांगणाऱ्याच्या संमतीने आणि नावासह करा.